जुनी स्टील सायकल, भाग २: उकलणी, घासकाम, कच्ची जुळणी आणि चाचणी फेरी

सद्यस्थिती: फ्रेम पूर्ण मोकळी झाली, जुना रंग उतरला, प्रायमरचे दोन हात बसले. रंग मारण्याआधी कच्ची जुळणी करून चाचणी फेरीही घेतली. राहिलं आहे ते मडगार्ड, घंटी आणि रंगाचे शेवटचे हात.

या भागात सुरक्षिततेवर जास्त लिहिलं आहे, कारण जुन्या सायकलीत गंजलेले सांधे असतात आणि गंजलेला सांधा कधी हळूहळू सुटत नाही. तो अचानक सुटतो. म्हणून कुठेही जोर लावण्याआधी एकच प्रश्न: हे आत्ता सुटलं, तर हात कुठे जाऊन आदळेल?

पेडलपासून सुरुवात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी खूण: पान्हा वर उभा धरला, तर दोन्ही बाजूंना तो सायकलच्या मागच्या दिशेने ढकलल्यावर पेडल सुटतं. १५ मिमीचा लांब दांड्याचा पान्हा घ्या, अ‍ॅडजस्टेबल नको, त्याचा जबडा सरकतो. चेन सर्वांत मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चक्रावर) ठेवायची, म्हणजे दाते झाकले जातात. पान्हा निसटून बोटांची पेरं उघड्या दात्यांवर घासली की जखम खोल होते आणि तिच्यात काळं ग्रीस भरतं.

सीटपोस्टने, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याने, सर्वांत जास्त वेळ खाल्ला. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला, की ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते. अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड फुगतं आणि पोस्ट पाचरीसारखा घट्ट बसतो. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढून गंजतेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, रोज पुन्हा सोडा. मग पोस्टचं डोकं वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडून फ्रेमच फिरवायची. इथे फ्रेम हाच तरफेचा लांब दांडा असतो, त्यामुळे पोस्ट सुटताच ती झटक्यात फिरते. दोन माणसं हवीत, मागच्या चाकाची जागा कोणाच्या पोटाजवळ नको, आणि वाइसचं टेबल जमिनीला पक्कं हवं. फ्रेमची वरची नळी वाकतेय असं वाटलं तर तिथेच थांबा. असा अडकलेला पोस्ट कापून काढलेला परवडतो, वाकलेली फ्रेम सरळ करणं परवडत नाही. नवा पोस्ट बसवताना ग्रीस लावा आणि किमान खोलीची रेघ नळीच्या आत जाऊ द्या.

रंग उतरवणं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं बंद. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं, चिखल कापडाने पुसून पिशवीत बांधायचा, सूक्ष्म कणांचा मास्क नाकाला घट्ट बसवायचा. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, लहान मुलं जवळ नकोत.

गंजाच्या खोल डागांसाठी ग्राइंडरवर वायर ब्रश लावला. त्याच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, म्हणून गॉगल आणि त्यावर पूर्ण चेहऱ्याची ढाल, दोन्ही. ब्रशवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच हवा. १०० मिमीच्या कटिंग डिस्कवर साधारण १५,३०० फेरे प्रति मिनिट लिहिलेले असतात आणि त्या आकाराचे ग्राइंडर ११,०००च्या आसपास फिरतात, म्हणून ती जोडी चालते. डिस्क मोठी बसावी म्हणून गार्ड काढणं हा सर्वांत वाईट शॉर्टकट आहे. पातळ कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका, ती फुटते. ब्रश नळीच्या कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेने फिरवा. कडेत घुसला तर यंत्र हातातून उसळतं. बेंच ड्रिलवर मात्र हातमोजे घालायचे नाहीत, बिटमध्ये कापड अडकलं की बोटही ओढलं जातं.

चेन आणि हब धुवायला पेट्रोल नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. डिग्रीझर किंवा रॉकेल वापरा, तेही दारं-खिडक्या उघडून. सांध्यावर ब्रेझिंग किंवा वेल्डिंग करायचं असेल, तर क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने ती जागा साफ करू नका. उष्णतेने आणि आर्कच्या प्रकाशाने त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, तो फुप्फुसांना अत्यंत घातक आहे. जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

आता जुळणी. मूळच्या क्रोमच्या स्टील रिम काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या. यात दिसण्याचा काहीच प्रश्न नाही: ओल्या स्टील रिमवर रबरी पॅड इतके घसरतात, की ब्रेक आवळूनही सायकल बराच वेळ धावत राहते. पावसात चालवायची सायकल असेल, तर हा बदल बाकी कशाहीआधी करावा. टॉर्क पान्ह्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, बसवलेले आकडे: पेडल ३५ ते ४० न्यूटन-मीटर, चौकोनी टोकाच्या अ‍ॅक्सलवरचा क्रँकचा (पेडल धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट ३५ ते ४५, ब्रेक केबलचा बोल्ट ६ ते ८. तुमच्या भागावर वेगळा आकडा छापला असेल, तर तोच पाळा.

टायर चढवल्यावर हवा अर्धी भरून थांबा आणि दोन्ही बाजूंनी चाकभर पाहा. ट्यूब कडेखाली चिमटलेली दिसली तर हवा सोडून नीट बसवा. तशीच पूर्ण भरली तर ती फुटते, आणि भर उतारावर फुटली तर हँडल हातात राहत नाही. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते, ती ओलांडू नका.

चाचणी फेरीच्या आधी उभ्यानेच तपासणी केली. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं, ते हललं नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली. टकटक आली असती तर हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) ढिला. दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने दहा वेळा आवळले, कारण नवी केबल थोडी ताणते आणि लिव्हर हँडलला टेकू लागतो. रस्त्यावर नेमक्या त्या क्षणी हे कळणं उशिराचं ठरतं.

पुढे मोकळी, सपाट, रिकामी जागा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली व्हीच्या आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा, अंगाचं वजन मागे नेत. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, म्हणून तो टाळायचा नाही. हळूहळू दाब वाढवायला शिकायचं. ताशी २५ किमी वेगात सायकल सेकंदाला जवळपास ७ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी सुमारे ५ मीटर लागतात. प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर एकूण १२. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना हा आकडा डोक्यात ठेवा आणि दाराच्या रुंदीइतकं अंतर सोडा, कारण दार उघडतं तेव्हा १२ मीटर मिळत नाहीत.

पुढच्या भागाआधी साधारण ३० किमी झाल्यावर क्रँकचे बोल्ट त्याच आकड्यावर पुन्हा तपासले जातील. ढिल्या क्रँकवर चालवलं तर अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलावतं आणि तो क्रँक पुन्हा घट्ट बसत नाही. त्यानंतर मडगार्डच्या कड्या: त्या चाकापासून किती लांब ठेवायच्या आणि खडा अडकला तर कुठून तुटाव्यात, हे आधी ठरवूनच बसवायच्या आहेत.