आधी खुर्ची, मग स्पीकर

आठ इंची मॉनिटरची, म्हणजे गाणी मिक्स करताना ऐकायच्या स्पीकरची, जोडी घरी आली, तेव्हा ती टेबलावर चढवायला शेजारच्या काकांना हाक मारावी लागली. चढवल्यावर टेबलावर कीबोर्डपुरती जागा उरली आणि माझ्या तोंडासमोर दोन काळ्या पेट्या छाती काढून उभ्या राहिल्या. पहिलंच गाणं लावलं आणि डग्ग्याचा घुमारा थेट पोटात शिरला. मी जाम खूश! ही खुशी तीन महिने टिकली.

त्या तीन महिन्यांत मी चार गाणी मिक्स करून दिली आणि चारही परत आली. तक्रार एकच, खर्ज फार झालाय. बहिणीच्या गाडीत लावून पाहिलं तर खरंच, बेस गिटारचा एक ठरावीक सूर आला की दाराचं प्लास्टिक थरथरायचं. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी, म्हणजे ४९ हर्ट्झ. माझ्या खोलीत हाच सूर जेमतेम ऐकू यायचा. म्हणून तर मी तो ढकलून ढकलून वर आणला होता.

आधी दोष स्पीकरला दिला, मग केबलला, मग स्वतःच्या कानांना. शेवटी मोजपट्टी काढली, ती पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. खोली ३.४ मीटर लांब, २.९ रुंद, २.७ उंच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे ६.८ने भागलं की ५० येतात. समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये ५० हर्ट्झची लाट अडकून उभी राहते. तिचा जोर दोन्ही भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. माझी खुर्ची कुठे होती? समोरच्या भिंतीपासून १.७ मीटरवर. एका सेंटिमीटरची चूक नाही. मुद्दाम ठरवून कुणाला इतकं अचूक बसता आलं नसतं.

तिथे बसण्याचं कारणही आठ इंच हेच होतं. स्पीकरच्या पाठीला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, त्यामुळे भिंतीपासून लांब ठेवा असं वाचलेलं. मी टेबलच पुढे ओढलं. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर आलं, खुर्ची आपोआप मागे सरकली. वर आणखी एक खड्डा पदरात पडला. खालचे सूर स्पीकरच्या मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकर आणि भिंतीमधलं अंतर ज्या सुराच्या पाव लांबीएवढं, तो सूर परत येईपर्यंत उलटा झालेला असतो आणि पुढे निघालेल्या सुराला खातो. ८० सेंटिमीटरला हा हिशोब १०७ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे एक खड्डा पन्नासला, एक एकशेसातला, आणि मी दोन्हींमध्ये भराव घालत बसलेली.

हे सगळं पाच इंची स्पीकर असते तरी झालंच असतं, हे मान्य. पण आठ इंचांची स्वतःची एक अडचण आहे आणि ती जवळ बसणाऱ्यालाच कळते. खालचे सूर वाजवणारा वूफर मोठा (आठ इंच ते त्याचेच), म्हणून वरचे सूर वाजवणारा ट्वीटर त्याच्यापासून लांब. माझ्या जोडीत दोघांच्या केंद्रांमध्ये सुमारे २० सेंटिमीटर. एक मीटरवर बसून मी पाठ ताठ केली, म्हणजे कान ट्वीटरच्या १५ सेंटिमीटर वर गेला, तर वूफरचा आवाज ट्वीटरपेक्षा जवळपास ५ सेंटिमीटर जास्त चालून येतो. दोघं एकमेकांच्या हातात काम सोपवतात ते २००० हर्ट्झपाशी, आणि तिथे अख्खी लाटच १७ सेंटिमीटरची. पाच म्हणजे पावाहून जास्त. गायिकेचा आवाज मी वाकले की वेगळा, टेकले की वेगळा. पहिला महिनाभर मला वाटायचं, गाताना ती माइकपासून हलत असेल. हलत मी होते.

दोन मीटरवर बसलं तर हाच फरक अर्ध्यावर येतो. ती जोडी नंतर ज्याने घेतली त्याची खोली लांबरुंद आहे, तो अडीच मीटरवर बसतो. त्याच्याकडे ऐकायला गेले होते. तेच स्पीकर, आणि खर्ज असा की एकेक सूर मोजून घ्यावा. माझ्याकडे बिचारे उगाच बदनाम झाले.

मग पाच इंची घेतले. इथे एक गोष्ट सांगते, कारण कागदावरचे आकडे वाचताना मीही फसले होते. यामाहाच्या पाच इंची एचएस५ला खालची मर्यादा ५४ हर्ट्झ लिहिलेली असते आणि आठ इंची एचएस८ला ३८. पण हे दोन्ही आकडे उणे १० डेसिबलचे, म्हणजे तिथवर पोचेस्तोवर आवाज चांगलाच खाली गेलेला असतो. उणे ३ डेसिबल धरलं तर हेच आकडे ७४ आणि ४७ होतात. कंपनी लपवत नाही, तिथेच खाली छापलेलं असतं. आपणच वरचा आकडा वाचून पान उलटतो. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा उणे १०चा आकडा दुसरीच्या उणे ३शी लावला तर सगळंच मुसळ केरात.

आवाज पुरेल का, ही भीती मात्र फुकाची निघाली. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल आयते मिळतात. मी ७५ डेसिबलच्या आसपास काम करते, त्याहून वर तासभरात कान थकतात. एक मीटरवर तेवढा आवाज पाच इंची जोडी हसतखेळत देते. दमते ती खालच्या सुरांत. तोच आवाज एक सप्तक खाली वाजवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे जावं लागतं, आणि लहान पडद्याकडे तेवढी धाव नसते.

आणि लहान स्पीकरवर कामं होत नाहीत असंही कुणी म्हणू नये. पांढऱ्या पडद्याचा यामाहाचा एनएस-१० १९७८मध्ये आला तो घरात गाणी ऐकण्यासाठी. त्याच्याकडे फारसा खर्ज नव्हताच, तरी जगभरच्या स्टुडिओंत तो ठाण मांडून बसला. बंद पेटीचा, पोर्ट नसलेला. त्यामुळे ठोका वाजला की संपतो, मागे शेपूट राहत नाही. ऐकायला कर्कश, पण काय चुकलंय ते तोंडावर सांगणारा. माझ्या एका आत्याची आठवण येते.

स्पीकर लहान झाले तशी खुर्चीही हलवता आली. टेबल परत भिंतीला टेकवलं. कान आता समोरच्या भिंतीपासून १.२९ मीटरवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. हा काही दैवी आकडा नाही, सुरुवात करायला बरी जागा एवढंच. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४५ सेंटिमीटर, दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू साधारण ९५. स्पीकरमागच्या भिंतीचा खड्डा आता १९० हर्ट्झला गेला. तिथे १० सेंटिमीटर जाडीचं दगडी लोकरीचं पॅनेल उपयोगी पडतं. पूर्वी मी ५ सेंटिमीटरचा फोम चिकटवला होता, तो खालच्या सुरांसाठी भिंतीवरच्या रंगाइतकाच कामाचा. ५० हर्ट्झच्या लाटेची पाव लांबी १.७ मीटर भरते. तेवढा जाड फोम लावला तर मला बाहेर बसावं लागेल.

गायकीचं, निवेदनाचं, पॉडकास्टचं काम या जोडीवर सुरेख व्हायला लागलं. तुमचं काम एवढंच असेल तर इथेच थांबा, सब, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी वेगळी पेटी, घेऊ नका. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झच्या वरच असतो. त्याच्याखाली निवेदनात सापडतं ते पंख्याची घरघर आणि माइकच्या दांडीला बसलेला धक्का. ते हेडफोनवर पकडता येतं.

मला मात्र बेस गिटार आणि किक ड्रमने गाठलं. बेसचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झ. पाच इंचींवर त्याचे फक्त वरचे उपस्वर ऐकू यायचे, मूळ सूर मी अंदाजाने गृहीत धरायची. अंदाजाने मीठ घालतात, बेस नाही.

सब म्हणजे जास्त दणका, असंच मी तोवर समजत होते. पण टेबलाशी बसणाऱ्याला त्याचा खरा उपयोग जागेचा आहे. गायिका नेमकी मधोमध दिसावी म्हणून स्पीकर त्या त्रिकोणातच ठेवावे लागतात, तिथे तडजोड नाही. पण खोलीत खर्ज कुठून सुटला तर बरा, याचं उत्तर त्रिकोणाच्या त्या दोन टोकांवर सापडेलच असं नाही, बहुधा नसतंच. आठ इंची घेतले की खर्ज आणि ट्वीटर एकाच पेटीत बांधले जातात, जिथे एक तिथे दुसरा. सब घेतला की ही गाठ सुटते. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटर लांब, तिची दिशा कानाला कळत नाही. म्हणून ती पेटी खोलीत कुठेही बसवता येते.

कुठेही म्हणजे कुठे, ते मात्र गुडघ्यांवर शोधावं लागतं. रीत जुनी आहे: सब खुर्चीत ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगायचं. सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला आवाजाचा रस्ता तोच राहतो, म्हणून जिथे कानाला खर्ज सारखा लागेल तिथे सब ठेवायचा. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून अकरा वर्षांच्या भाच्याला कामाला लावलं. बेसचे सूर ४१पासून ८२पर्यंत एकेक करून चढवत नेले आणि तो कोपऱ्याकोपऱ्यांतून ओरडत होता, "मावशी, इथे चौथा सूर अंगावर येतो!" चौथा म्हणजे आमचा तोच जी. कोपऱ्यात सगळे सूर मोठे, पण तो एकटा भसाड्या आवाजाचा. खिडकीखाली वरचे दोन सूर गायब. शेवटी डाव्या भिंतीलगत, कपाटाच्या शेजारी, जवळपास माझ्या खुर्चीच्याच रेषेत तो थांबला आणि म्हणाला, "इथे सगळे एकाच उंचीचे आहेत." नंतर मापनाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावून तपासलं. पोरगा एका हातभर अंतराने चुकला होता, बस.

सब आठ इंची, बंद पेटीचा घेतला. सव्वीस-सत्तावीस घनमीटरच्या खोलीत त्याहून मोठा घेऊन मी करणार काय? बंद पेटीचा खर्ज खाली जाताना पोर्टवाल्यापेक्षा हळूहळू उतरतो, आणि लहान खोलीत भिंती खालच्या सुरांना थोडा हात देतात, त्यामुळे दोन्ही बऱ्यापैकी जुळतं.

जोडणी ८० हर्ट्झला, त्याच्याखालचं सगळं सबकडे. सबमधूनच वरचा भाग स्पीकरकडे पाठवला, त्यामुळे पाच इंचींच्या डोक्यावरचा खर्जाचा बोजा उतरला आणि गाण्याचा मधला भाग एकदम स्वच्छ झाला. हा फायदा मला कुणी आधी सांगितलाच नव्हता. फेज, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्या लाटांचा मेळ, जुळवायला ८० हर्ट्झचा एक सलग सूर लावला, सबची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली, आवाज सगळ्यात कमी होईल तिथवर फेजचं बटण फिरवलं आणि मग पोलॅरिटी सरळ केली. कानाला सगळ्यात मोठं कुठे ते चटकन कळत नाही, सगळ्यात बारीक कुठे ते कळतं.

पहिला आठवडा मी सब चांगला ६ डेसिबल जास्त ठेवून बसले होते. नवीन वस्तू दिसायला हवी ना! परिणाम उलटा: खर्ज भरपूर ऐकू येतोय म्हणून मिक्समध्ये कापत गेले आणि गाणी बाहेर रोडावली. आता सब चालू आहे हे विसरायला होतं, तेवढाच ठेवते. पन्नासला थोडा उंचवटा उरलाय, तो फिल्टरने ५ डेसिबल खाली घेतला. खड्डे मात्र फिल्टरने भरत नाही. १० डेसिबल चढवायचे म्हणजे दहापट ताकद, आणि खोली तीही गिळते.

एक भानगड अजून आहे. सब डावीकडे असूनही खर्ज समोरूनच येतो, पण ६० हर्ट्झच्या आसपास कपाटाचं दार बारीक खडखडतं, आणि त्या खडखडीची दिशा कानाला लगेच कळते. फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली आहे. दर महिन्याला ती निसटते आणि अर्धा तास मला वाटतं, सब बिघडला.

सबला बंद-चालू करायचं पायाचं बटण आहे, ते टेबलाखाली उजव्या पायाशी ठेवलंय. गाणं पाठवण्याआधीची शेवटची दोन ऐकणी सब बंद करून. भाचा आला की त्याचा पाय पहिला त्याच बटणावर पडतो.