मागून येणाऱ्याला मी दिसायला हवी

माझी लॅबमधली सकाळची पाळी सातला सुरू होते आणि जानेवारीत आमच्याकडे सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर. त्यामुळे चांदोरी ते नाशिक हा रस्ता हिवाळाभर अंधारातच कापायचा. त्यात गोदाकाठचं धुकं. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दरवर्षी येते, ती थंडी आमच्या अंगावरची असते. द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात, त्यांचा धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर बसतो. आणि याच दिवसांत गळीत हंगाम चालू असतो, म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. उसाचे शेंडे मागे इतके लोंबतात की ट्रॉलीला मागचा दिवा असला तरी तो झाकला जातो.

स्कूटरला जादा लाइट लावले, त्याबद्दल मैत्रिणी विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी स्कूटर २०१६ ची. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, माझी त्याआधीची. तिच्या हेडलाइटला वीज बॅटरीवरून येत नाही, थेट मॅग्नेट कॉइलवरून येते, म्हणजे इंजिन फिरतं तशी वीज तयार करणाऱ्या गुंडाळीवरून. ॲक्सिलरेटर सोडला की उजेड मंदावतो. म्हणजे धुक्यात हळू चालवावं तर नेमका तेव्हाच समोरचा रस्ता अंधुक. बल्ब बदलून हे सुटत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारे वेगळे लाइट हवे होते.

स्कूटरची बॅटरी छोटी असते, कितीही भार टाकून चालत नाही. मी प्रत्येकी १० वॅटचे दोन पिवळे एलईडी घेतले. दोन्ही मिळून २० वॅट, १२ व्होल्टवर पावणेदोन ॲम्पिअरच्या आत. आमच्या वायरमनदादांनी रिले टाकला (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ ५ ॲम्पिअरचा फ्यूज बसवला आणि रिलेला किल्लीनंतरची लाइन दिली, म्हणजे किल्ली काढली की लाइट आपोआप बंद. रिले आणि फ्यूज या दोन गोष्टींवर कुणी काटकसर सुचवली तर ऐकू नका. मूळ वायर कापून थेट जोड दिला तर ती वायर तापते, आणि स्कूटरमध्ये ती आपल्या पायांच्या अगदी पुढून जाते. सगळ्या जोडांवर स्लीव्ह चढवून घ्या. दव पडलेल्या गाडीत पाणी कुठे शिरेल सांगता येत नाही.

लाइट कुठे बसवायचे, यावर मी ठाम आहे: जितके खाली जमतील तितके. मी पुढच्या स्टील गार्डला, गुडघ्याच्याही खाली क्लॅम्पने लावलेत. पिवळा रंग धुकं भेदतो असं सगळे सांगतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, जवळजवळ सारखाच विखुरतो. पिवळा डोळ्याला सौम्य वाटतो, म्हणून मी तो घेतला. खरा फरक उंचीने आणि झोताच्या आकाराने पडतो. उंचावरून फेकलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. अपर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ती याचमुळे. खालून, रुंद आणि जमिनीकडे झुकलेला झोत रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दाखवतो. तपासायला गाडी भिंतीपासून साधारण पाच मीटरवर उभी करा. उजेडाची वरची कड लाइटच्या उंचीच्या खालीच राहिली पाहिजे. समोरून सायकलवर दूधवाला येतो, त्याला आंधळं करून आपण सुरक्षित होत नाही.

दुकानात लुकलुकणारे, निळे-लाल असेही दाखवतात. ते घेऊ नका. पुढे लाल दिसता कामा नये आणि मागे लालच दिसायला हवा, असा नियम आहे. त्याला कारणही साधं आहे: गाडी आपल्याकडे येतेय की आपल्यापुढे चाललीय, हे अंधारात फक्त रंगावरून कळतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र पाठीमागचं. पुढचे लाइट मला रस्ता दाखवतात, पण मागून येणारा टेम्पो मला पाहतो तो टेललॅम्पच्या ५ वॅटच्या ठिपक्यामुळे. ताशी ४० च्या वेगाने वाहन सेकंदाला ११ मीटर जातं. धुक्यात २५ मीटरवरचं दिसत असेल तर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर संपतं. म्हणून नंबर प्लेटखाली टेललॅम्पच्या लाइनवर लाल एलईडी पट्टी जोडली, मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळा रिफ्लेक्टिव्ह टेप लावला. हेल्मेटच्या मागेही एक तुकडा आहे. टेपला ना बॅटरी लागते ना वायर, आणि दोन लाइटच्या मानाने खर्च नगण्य. हातात पैसे कमी असतील तर आधी टेप घ्या, लाइट पुढच्या पगाराला.

स्वेटरवर मी पोपटी जाकीट घालते. त्याचा भडक रंग उजाडल्यावर उपयोगी, काळोखात काम करतात त्यावरचे चंदेरी पट्टे. त्यामुळे नुसतं भडक कापड घेऊ नका, पट्टे पाठीवरही आहेत का बघा. आणि सॅक पाठीला लावली की ते झाकले जातात, तेव्हा सॅकलाही टेप हवा.

आमच्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उरलेला टेप आमच्या ट्रॉलीच्या फाळक्याला लावला. फाळका उसाने झाकला जातो, म्हणून ते आता भरलेल्या ट्रॉलीमागे शेंड्यांना एक लाल फडकं आणि टेप चिकटवलेली पाटी बांधतात. गावात ज्यांच्या ट्रॉल्या कारखान्यावर जातात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, अशी पाटी बांधाच. माझ्याकडे टेपचं अख्खं बंडल आहे, घरी येऊन घेऊन जा. लावण्याआधी पत्रा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा आणि लावल्यावरही आठवड्यातून एकदा पुसा, कारण धुळीचा थर बसला की टेप चमकत नाही.