मजुराचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही

पुण्यात वाघोली, हिंजवडी, मोशी या बाजूला नवी इमारत उभी राहत असली की तिच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग असते. साइटवर तिला लेबर कॅम्प म्हणतात. स्लॅबचा साचा उभारणारा सेंट्रिंगवाला झारखंडमधल्या पलामूचा, सळ्या बांधणारा फिटर बंगालमधल्या मालदा किंवा मुर्शिदाबादचा, बिगारीची जोडपी छत्तीसगड-मध्य प्रदेशातली, नाहीतर आपल्याच नांदेड-लातूरची किंवा सीमेपलीकडच्या यादगीर-कलबुर्गीची. स्लॅब संपले की सेंट्रिंगवाले हलतात, प्लास्टर संपलं की बिगारी हलतात. एका ठिकाणचा मुक्काम काही महिन्यांचा. वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्यांचा मालक तर रोज बदलतो.

या लोकांसाठी योजना नाहीत, असं नाही. अडचण अशी की प्रत्येक योजनेचं स्वतःचं कॅलेंडर आहे. शाळा जूनला सुरू होते, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी वर्षाच्या हिशेबाने चालते, रेशन महिन्याचं असतं, तक्रारीची सुनावणी पुढच्या तारखेला असते. मजुराचा मुक्काम यातल्या कशातच नीट बसत नाही. शहरात चांगलं काम करणाऱ्या संस्था मुख्यतः हीच कॅलेंडरं एकमेकांना जुळवत बसलेल्या असतात. ते काम फोटोत दिसत नाही, म्हणून ब्लँकेटवाटपाला जितक्या देणग्या येतात तितक्या या कामाला येत नाहीत.

रेशनपासून सुरुवात करू, कारण कॅम्पवर पहिली विचारणा त्याचीच होते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ २०२२ पासून सगळ्या राज्यांत लागू आहे. म्हणजे पलामूचं कार्ड असलेला माणूस हडपसरच्या दुकानात अंगठा देऊन धान्य घेऊ शकतो. त्यासाठी पुण्याचं नवं कार्ड काढायची गरज नाही, आणि गावचं कार्ड रद्द करायची तर अजिबात नाही. एजंट नेमकं हेच करायला लावतात: गावचं नाव कमी होतं, इथलं कार्ड रहिवासाच्या पुराव्याअभावी अडकतं आणि कुटुंब दोन्हीकडून जातं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य केंद्राकडून मोफत मिळतं. राज्याने स्वतःच्या पैशातून जोडलेली डाळ किंवा तेल मात्र दुसऱ्या राज्यात मिळत नाही. दुकानदाराशी होणारे निम्मे वाद या एका गोष्टीवरून होतात आणि त्यात दुकानदाराचं बरोबर असतं.

धान्य विभागूनही उचलता येतं. पाच माणसांचं कार्ड असेल तर दोघांचं पुण्यात आणि तिघांचं गावी, असं चालतं. पण गावी राहिलेल्या आईने महिन्याच्या सुरुवातीलाच पूर्ण २५ किलो उचललं की इथे दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन शिल्लक शून्य दाखवतं. मजूर म्हणतो दुकानदार चोर, दुकानदार म्हणतो मशीन बघा. त्यामुळे कार्यकर्त्याने आधी गावी फोन लावावा आणि मगच दुकानात जावं. दुसरा घोळ बोटांचा. सिमेंट हाताळून ठसे झिजतात आणि मशीन ते घेत नाही. सगळी बोटं लावून पाहायची, डोळ्याच्या स्कॅनची सोय असेल तर ती मागायची, नाहीतर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्यायचे. तिसरा घोळ ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्याचा. ते राहिलं की त्या माणसाचं धान्य थांबतं, आणि घरातल्या एकट्याचं राहिलं असलं तरी त्याचा पत्ता दुकानात उभं राहिल्यावरच लागतो. दुकानदार परराज्यातलं कार्ड घ्यायलाच नाही म्हणत असेल तर १४४४५ हा टोल-फ्री क्रमांक आहे. दुकानाचा क्रमांक, तारीख आणि मशीनने काय दाखवलं हे समोर ठेवून फोन केला तरच काही हलतं.

मुलांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ स्पष्ट आहे: कलम ४ नुसार वयानुसार वर्ग, कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. वर्षाच्या मधल्या कुठल्याही महिन्यात प्रवेश द्यावा लागतो. तरी मुख्याध्यापक का टाळतात? कारण मुलाची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेच्या पटावर नीट चढत नाही, आणि चार महिन्यांनी मूल गेलं की गळतीचा आकडा त्यांच्या नावावर लागतो. कायद्याचं कलम आपटण्याआधी हे समजून घेतलेलं बरं. अनुभवी कार्यकर्ती मुख्याध्यापकांना सांगते, ‘जुन्या शाळेशी आम्ही बोलतो, मूल जाईल तेव्हा आठवडाभर आधी कळवतो.’ एवढ्यावर बरेच प्रवेश होतात. राज्यातल्या राज्यात हलणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, त्यावर मूल कुठवर शिकलंय हे लिहिलेलं असतं. गाव सोडतानाच ते घेतलेलं असलं तर काम सोपं होतं. बहुतेकांनी घेतलेलं नसतं.

पुण्यात डोअर स्टेप स्कूल हे काम कित्येक वर्षं करते आहे. रजनी परांजपे यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेली ही संस्था पुढे पुण्यातही आली. साइटवरच वर्ग, मग महापालिकेच्या शाळेत प्रवेश आणि शाळेपर्यंत नेणं-आणणं, अशी तिची पद्धत. यातला शेवटचा भाग सगळ्यांत महाग. नव्या साइट्स शहराच्या कडेला असतात, शाळा जुन्या गावठाणात असते आणि मध्ये हायवे असतो. सहा वर्षांच्या मुलाला तो कोण ओलांडू देईल? शिक्षक मिळतात, पुस्तकं मिळतात, बसच्या डिझेलला पैसे देणारा शोधून सापडत नाही.

मोठी मुलगी शाळेत न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिच्या कडेवर असतं. धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती घरी. त्यामुळे साइटवर पाळणाघर सुरू झालं की शाळेचा पट आपोआप वाढतो. बांधकामावरच्या पाळणाघरांची कल्पना १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेसमधून प्रत्यक्षात आणली. पुण्यात ते काम आज तारा मोबाइल क्रेशेस करते. बिल्डरने खोली, पाणी, वीज आणि खर्चाचा काही भाग द्यायचा. संस्थेने प्रशिक्षित ताया, खाणं, मुलांची वजनं आणि लसीकरणाचा पाठपुरावा पाहायचा, अशी साधारण रचना असते. बिघडतं ते काम शेवटाकडे आल्यावर. सॅम्पल फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येऊ लागलं की पाळणाघराची खोली आधी मागच्या बाजूला जाते आणि मग जातेच. जुन्या बांधकाम कामगार कायद्यात ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचं होतं, म्हणून मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बायकांचा आकडा ५० च्या आत राहायचा. नवऱ्याच्या नावावर जोडप्याची हजेरी लावली की झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये बाई-पुरुष न बघता ५० हून जास्त कामगार असा निकष आहे. पळवाट अरुंद झाली खरी. पण ठेकेदार अनेक आणि प्रत्येकाचे कामगार वेगळे, हा खेळ आहेच.

लसीकरणाचं थोडक्यात. डोस मध्येच राहिला तर सगळा क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, पुढून देता येतो. कार्ड हरवलंय म्हणून आई मुलाला नेतच नाही, असं फार होतं. पहिल्या भेटीतच कार्डाचा फोटो काढून आईच्याच मोबाइलमध्ये ठेवावा.

आता बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, तो या मंडळाकडे येतो. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, या दोन अटी. शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे कोणी हजार-दोन हजार मागितले तर तो एजंट समजा. सगळं अडतं ९० दिवसांच्या दाखल्यावर. ठेकेदार सही करत नाही, कारण सही केली की हा माणूस माझ्याकडे कामाला होता हे त्याने लिहून दिल्यासारखं होतं, आणि उद्या भविष्य निर्वाह निधीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळं मागे लागू शकतं. अड्ड्यावरच्या मजुराला तर सही मागायला ठेकेदारच नसतो. शहरात महापालिकेचा अधिकारी दाखला देऊ शकतो, पण अनोळखी माणसासाठी तो का देईल? संस्थेने रोजची हजेरी डायरी, साइटवरचे फोटो आणि दोन-तीन छोट्या ठेकेदारांची पत्रं जोडून अर्ज नेला तर निदान बोलणी सुरू होतात. नूतनीकरण दरवर्षी, आणि दरवेळी पुन्हा ९० दिवस दाखवायचे. पहिली ते सातवीच्या मुलांसाठी मंडळाच्या शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. जे मूल जानेवारीत साइट बदलतं त्याची ७५ टक्के कुठल्या शाळेत मोजायची, याचं उत्तर अर्जाच्या नमुन्यात नसतं.

मजुरी बुडण्याची प्रकरणं सगळ्यांत जास्त वेळ खातात. साइटवर पगार दोन भागांत असतो. आठवड्याला किंवा पंधरवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे. बाकीचा ‘हिशेब’ काम संपल्यावर किंवा छठ, ईद, पेरणी यांसाठी गावी जाताना. म्हणजे महिनोन् महिन्यांची कमाई ठेकेदाराकडेच पडून असते आणि भांडण उभं राहतं ते ट्रेनचं तिकीट काढल्यावर. त्या क्षणी संस्थेकडे आलेल्या माणसाकडे बहुधा ठेकेदाराचं टोपणनाव आणि एक मोबाइल नंबर असतो.

म्हणून कामाच्या पहिल्या आठवड्यातच काही गोष्टी करून ठेवाव्या लागतात. साइटच्या फलकाचा फोटो घ्यायचा. त्यावरच्या महारेरा क्रमांकावरून, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावरून, बिल्डर कंपनीचं खरं नाव आणि पत्ता मिळतो. मुकादमाच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो दर आठवड्याला. ठरलेली रोजची मजुरी किती, याचा एखादा व्हॉट्सॲप निरोप, आवाजी असला तरी चालेल, पण पुसायचा नाही. वाद झाल्यावर आधी ठेकेदाराला फोन, मग बिल्डरच्या साइट इंजिनिअरशी बोलणं, मग लेखी नोटीस आणि शेवटी कामगार कार्यालय. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. बिल्डरकडे ठेकेदाराचं बिल अजून बाकी असेल, तर त्यातून कापून देणं त्याला सोपं जातं. एकदा बिल चुकतं झालं की तोही हात वर करतो. अर्जाची घाई असते ती यासाठी. वेतन संहितेने दाव्याची मुदत ३ वर्षांची केली आहे, पण साक्षीदार ३ आठवड्यांतच पांगतात. गावी जाण्याआधी सगळ्यांच्या सहीचं अधिकारपत्र, बँक खात्याच्या पासबुकाची प्रत आणि गावाकडचा दुसरा फोन नंबर घेतला नसेल, तर सुनावणीच्या दिवशी संस्थेच्या कार्यकर्त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

मुकादमाला पहिल्याच दिवशी आरोपी करू नये, असं माझं मत आहे. तो अनेकदा त्याच गावचा असतो, त्याचेही पैसे वर अडकलेले असतात आणि हिशेबाची पहिली वही त्याच्याकडेच असते. तो आपल्या बाजूने आला तर निम्मं प्रकरण सुटतं. अर्थात सगळे मुकादम असे नसतात. आजीविका ब्युरोसारख्या संस्थांचा फायदा इथे कळतो, कारण त्या मजूर जिथून निघतो तिथेही काम करतात आणि जिथे पोचतो तिथेही. मुकादमाच्या घरी गावात निरोप गेला की पुण्यातला फोन लगेच उचलला जातो.

अपघाती मृत्यूत मात्र सबुरीला जागा नाही. पडून मेलेल्या मजुराच्या भावाला लाखभर रुपये आणि ॲम्ब्युलन्स देऊन, स्टँपपेपरवर अंगठा घेऊन रातोरात गावी पाठवलं जातं. भरपाईचं सूत्र असं: मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वेतन १५,००० धरलं आणि वय ३० असेल तर गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. कुटुंबाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे ती भरपाई ठरत नाहीत, त्यामुळे तो स्टँपपेपर दावा संपवत नाही. मृतदेह हलण्याआधी पोलिसांत नोंद, शवविच्छेदन अहवालाची सोय, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब आणि साइटचे फोटो, इतकं तरी व्हायला हवं. सेफ्टी बेल्ट नव्हता हे दुसऱ्या दिवशी सिद्ध करता येत नाही, दुसऱ्या दिवशी साइटवर सगळ्यांच्या कमरेला बेल्ट असतात.

गेल्या काही काळात आणखी एक काम वाढलंय. बंगाली बोलणाऱ्या मजुरांकडे संशयाने पाहिलं जातं. २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आलं आणि नंतर परत आणावं लागलं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, त्यामुळे नुसतं तेवढं दाखवून भागत नाही. शाळेचा दाखला, आईवडिलांचं नाव असलेला जुन्या मतदार यादीचा उतारा, गावच्या जमिनीचा कागद, पंचायतीचं पत्र यांचे फोटो गावाहून मागवून फोनमध्ये आणि कुटुंबातल्या आणखी कोणाकडे ठेवावेत. मूळ कागद कॅम्पवर आणू नयेत. पावसात आणि चोरीत ते जातात, आणि ठेकेदारही ‘ठेवून घेतो’.

शेजारी साइट असलेल्या सोसायटीतल्या माणसाला यात काय करता येईल? जुने कपडे नेऊन टाकू नका. दहा बाय दहाच्या खोलीत ते ठेवायला जागा नसते आणि मुक्काम हलला की ते तिथेच पडतात. त्याऐवजी साइटवर शाळेच्या वेळेत साधारण किती मुलं दिसतात, सहा वर्षांच्या आतली किती, फलकावर बिल्डरचं नाव आणि महारेरा क्रमांक काय आहे, बांधकाम कुठल्या टप्प्यात आहे, एवढं टिपून संस्थेला कळवा. टप्पा महत्त्वाचा: पाया खणला जात असेल तर पाळणाघर दोन-तीन वर्षं चालेल, टाइल्स बसत असतील तर कुटुंबं महिनाभरात निघतील आणि संस्थेने तिथे शाळाप्रवेशाऐवजी कागदपत्रांचंच शिबिर घ्यायला हवं. आणि तुम्ही त्या इमारतीत फ्लॅट घेतला असेल, तर साइट पाहायला जाल तेव्हा पाळणाघर कुठे आहे, असं विक्री कार्यालयात विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाची नोंद तिथे लगेच घेतली जाते.