दिल्लीचा ऑटो एक्स्पो: सोलापूरकरांनी जावं, आणि तिथल्या द्वारकेलाही जावं

गाड्या बघायला दिल्लीपर्यंत कशाला, शोरूम काय कमी आहेत सोलापुरात, असं निघताना बरेच जण म्हणाले. पण या धंद्याशी आपल्या गावाचं नातं जुनं आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मलेले. १९९२ मध्ये इथंच सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारे शाफ्ट, आज परदेशी इंजिनांतही बसतो. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी कामाला आहे, त्यांनी हे प्रदर्शन एकदा तरी बघायलाच हवं.

जानेवारी २०२५. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम पार पडलं होतं, होम मैदानावर पाळणे अजून फिरत होते, आणि मी मेकॅनिकल डिप्लोमा करणाऱ्या भाच्याला घेऊन कर्नाटक एक्स्प्रेसनं निघालो. गाडी थेट नवी दिल्लीला जाते, कुठं बदलावी लागत नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. जानेवारीत उत्तरेकडं धुकं असतं, गाड्या हमखास लेट होतात. म्हणून पोहोचायच्या दिवशी प्रदर्शन ठेवूच नका. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, दोन्ही टिकतात. स्वेटरवर भागेल असं समजू नका, कानटोपीसुद्धा लागते.

पहिला ऑटो एक्स्पो १९८६ च्या जानेवारीत प्रगती मैदानावर भरला. मारुती ८०० रस्त्यावर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. दुसरा थेट १९९३ ला. नंतर तो एक वर्षाआड भरू लागला. उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या आणि बाजारात काय येणार हे याच मांडवात कळू लागलं. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी लाखाची नॅनो इथंच लोकांसमोर आणली. जगभरच्या पत्रकारांनी भारतातल्या एखाद्या गाडीसाठी एवढी गर्दी क्वचितच केली असेल. २०१४ पासून गाड्यांचा भाग ग्रेटर नोएडाला गेला, सुटे भाग दिल्लीतच राहिले. २०२२ चा कोरोनामुळे पुढे ढकलला, तो २०२३ ला झाला. आणि २०२५ ला ‘भारत मोबिलिटी’ या मोठ्या प्रदर्शनाचा भाग होऊन तो परत प्रगती मैदानावर, म्हणजे आताच्या भारत मंडपममध्ये आला.

प्रवेश मोफत होता, पण ऑनलाइन नोंदणी लागत होती. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेट चालेलच असं नाही. ब्लू लाइन मेट्रोनं ‘सुप्रीम कोर्ट’ स्टेशनला उतरायचं. प्रगती मैदान स्टेशनचंच हे नवं नाव, त्यामुळं जुन्या माहितीवर जाणारे गोंधळतात. रविवार टाळा, सोमवारी दालनं उघडताच आत शिरा.

गाड्यांचं काय सांगावं! मारुतीची ई-व्हिटारा, ह्युंदाईची इलेक्ट्रिक क्रेटा, टाटांची नवी सिएरा, नव्वदच्या दशकातल्या गाडीचा नवा अवतार. सिएराभोवती पन्नाशीतली माणसं जास्त होती, आणि का ते मला पुरतं समजत होतं. भाचा मात्र इलेक्ट्रिक गाडीच्या नुसत्या सांगाड्यापाशी थांबला. खाली सपाट बॅटरी, एका टोकाला मोटर, केशरी वायरी. बराच वेळ बघून म्हणाला, “मामा, यात कॅमशाफ्ट कुठंय?”

कुठंच नाही. व्हॉल्व्ह नाहीत, मग ते उघडणारा शाफ्ट तरी कशाला. त्या प्रश्नानं मला आतून हलवलं. पेट्रोल, सीएनजी आणि हायब्रिड गाड्यांना तो लागणारच आहे, लगेच काही बंद पडत नाही. पण या मुलांना तीस-पस्तीस वर्षं नोकरी करायची आहे.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्याच द्वारकेच्या यशोभूमी या प्रदर्शन केंद्रात गेलो, तिथं सुट्या भागांचं वेगळं प्रदर्शन होतं. माझ्या मते खरं बघण्यासारखं ते. नवी दिल्ली स्टेशनवरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो थेट ‘यशोभूमी द्वारका सेक्टर २५’ला जाते. तिथं उभं कापलेलं एक इंजिन मोटरवर सावकाश फिरवत ठेवलं होतं. कॅमचा उंचवटा वर आला की व्हॉल्व्ह खाली जायचा, आणि क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टचे, दोन फेरे होतात तोवर कॅमचा एकच. वर्गात पाठ केलेलं ते भाच्यानं बोटानं मोजून पाहिलं. त्याच रांगेत पुढं इलेक्ट्रिक गाडीची मोटर आणि गिअर एकाच घरात बसवलेले. तिथं फोर्जिंग आहे, मशिनिंग आहे, बॅलन्सिंग आहे, म्हणजे आपल्या कारागिरांना येणारी कामं आहेतच. फक्त पार्ट बदललाय.

इथले लोक सेल्फी काढणाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्यांना वेळ देतात. दुपारनंतर स्टॉलवर गर्दी ओसरते, तेव्हा विचारा: हा पार्ट कुठल्या धातूचा, टॉलरन्स म्हणजे मापातला फरक किती चालतो, डिप्लोमावाल्याला घेता का. मुलांनी बायोडेटाच्या प्रती न्याव्यात. वर्कशॉप असेल तर व्हिजिटिंग कार्ड आणि आपण काय बनवतो त्याचे फोटो न्या, शक्य असेल तर एखादा नमुनाही. एका स्टॉलवाल्यानं भाच्याला गिअरचा ड्रॉइंग उलगडून दाखवला आणि कुठला मोटर डिझाइनचा कोर्स करावा हे कागदावर लिहून दिलं. परतीच्या गाडीत तो त्याचीच फी शोधत होता.