हवे तितके बर्गर, आपल्या मनासारखे

इथल्या एका रेस्टॉरंटमध्ये सध्या मोठी मजेची योजना चालू आहे. एकदाच पैसे भरायचे आणि ठरलेल्या वेळात हवे तितके बर्गर खायचे, तेही प्रत्येक वेळी आपल्याला हवा तसा बनवून घेऊन. टेबलावर छोट्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल ठेवलेली असते. पाव, पॅटी, चीज, भाज्या, सॉस अशा रकान्यांत खुणा करून चिठ्ठी द्यायची. आधीचा बर्गर संपल्याशिवाय पुढची चिठ्ठी घेत नाहीत आणि ताटात टाकलं तर जास्तीचे पैसे पडतात. हे दोन्ही नियम मला मनापासून पटले.

सगळ्याच रकान्यांत खुणा करायचा मोह होतो, पण वरचा पाव, खालचा पाव आणि मधलं सगळं एका घासात आलं तरच बर्गरची खरी चव कळते. म्हणून थोडंच मागवावं, पण विचार करून. पाव आतल्या बाजूने भाजलेला हवा, म्हणजे सॉस आणि टोमॅटोचं पाणी लगेच मुरत नाही. मुरलेलं चेडार चीज चवीला खमंग, पण वितळताना तेल सोडतं. प्रोसेस्ड चीजमधल्या क्षारांमुळे ते पॅटीवर मऊ, एकसारखं पसरतं. मला बर्गरमध्ये तेच आवडतं. आणि आंबट पिकल (व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी) हवंच, त्याशिवाय एवढा तेलकटपणा झेपत नाही.

पॅटी यायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत जातात, त्यामुळे बीफची पॅटी आतून ७१ अंश सेल्सियस आणि चिकनची ७४ अंशांपर्यंत तापणं गरजेचं असतं. शाकाहारी मंडळींनी बीन्सची पॅटी वेगळ्या तव्यावर भाजतात का, हे आधीच विचारावं. मी विचारलं, तर त्यांनी वेगळा तवा दाखवला. फार बरं वाटलं.

चिकन, चीज आणि मेयोनीजचा बर्गर खाऊन मी तृप्त झाले होते. तोच पुन्हा खाववला नसता. पण बीन्सची पॅटी, परतलेला कांदा, हालापेन्यो मिरची आणि मोहरीचा सॉस असं समोर आल्यावर परत खावंसं वाटलं! खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हेच प्रयोगांतून दाखवलं होतं: खाल्लेल्या पदार्थाची गोडी कमी होते, पण न खाल्लेल्या पदार्थाची इच्छा बरीचशी टिकून राहते. अशा योजनेत माणूस एरवीपेक्षा जास्त का खातो, याचं मोठं कारण हेच असावं. त्यामुळे दोन बर्गरांच्या मध्ये जरा थांबावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात. पोट भरल्याचं कळायलाही थोडा वेळ लागतोच.

जाणार असाल तर जेवणाची गर्दी ओसरल्यावर जा. तेव्हा स्वयंपाकघरात घाई नसते आणि पॅटी तव्यावरून थेट तुमच्या पावात येते.