शेंगांचा सिनेमा

खरं नाव 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स', डॉन सीगलचा, १९५६ सालचा. पण मागच्या उन्हाळ्यात अप्पा सोलापूरहून आमच्याकडे आले आणि तेव्हापासून घरात तो 'शेंगांचा सिनेमा' झाला. सोलापूरच्या माणसापुढे शेंग म्हटलं की त्याला एकच शेंग दिसते, आणि तिची चटणी त्यांच्या बॅगेत किलोभर होतीच.

आम्ही राहतो मोन्रोव्हियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. गाडीने जवळच सिएरा माद्रे हे छोटं गाव. सिनेमातलं सांता मिरा काल्पनिक आहे, पण त्यातला चौक सिएरा माद्रेचा. केर्स्टिंग कोर्ट म्हणतात त्याला. अप्पांना तिथे आइस्क्रीम खायला नेलं होतं, तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "इथेच ट्रक आले होते शेंगांचे." बाई ऐंशीला टेकलेल्या, आयुष्य याच भागात गेलेलं. मग त्यांच्यासकट सगळ्यांनी सिनेमा बघायचं ठरलं. (याच गावात १८९४ साली लावलेली विस्टेरियाची अवाढव्य वेल आहे. तिच्या भाराने मूळ घर मोडलं. तिची भीती मात्र कुणाला वाटत नाही, उलट दरवर्षी जत्रा भरते.)

गोष्ट साधी. डॉक्टर माइल्स बेनेल गावी परततो, तर गावातली विल्मा सांगते, माझे काका माझे काका राहिले नाहीत. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणीसुद्धा त्याच. पण आतलं काहीतरी गेलंय. हळूहळू कळतं की भल्यामोठ्या शेंगांमधून माणसांच्या हुबेहूब नकला उगवताहेत. तुम्ही झोपलात की तुमची नक्कल पुरी होते, आणि सकाळी उठतो तो तुम्ही नसता. म्हणून डॉक्टर आणि त्याची मैत्रीण बेकी काहीही करून जागं राहायची धडपड करतात.

दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या, यात वाद कसला, ही शेंगांतली माणसं म्हणजे कम्युनिस्ट. त्यांनी हा सिनेमा नऊ वर्षांच्या असताना भावाबरोबर थेटरात पाहिला होता. शाळेत अणुबॉम्बच्या सरावासाठी बाकाखाली शिरायचे ते दिवस. ते लोक आपल्यासारखेच दिसतात, शेजारीच राहतात, हे मोठ्यांच्या तोंडून रोज कानावर पडायचं. आणि पुरावा? "डॉक्टर घाबरल्यावर फोन कुणाला लावायला जातो? एफबीआयला!"

अप्पा गिरणी कामगाराचे चिरंजीव, स्वतः जन्मभर बँकेत आणि बँकेतल्या युनियनमध्ये. लाल झेंडा घरातला. त्यांनी चष्मा पुसला. "अख्खं गाव कम्युनिस्ट झालं आणि एक मीटिंग नाही? ठराव नाही, वर्गणी नाही, कोणाचा कोणाला विरोध नाही? बाईंना सांग, त्यांनी आमचे कम्युनिस्ट पाहिलेले नाहीत." मी भाषांतर करत होते. वर्गणीपाशी अडखळले.

त्यातून नायकाचं काम करणाऱ्या नटाचं नाव केव्हिन मॅकार्थी. अप्पांना वाटलं मी चेष्टा करतेय. सिनेटर जोसेफ मॅकार्थी त्यांना पाठ. जिकडेतिकडे छुपे कम्युनिस्ट शोधत सुटलेला तो माणूस. डिसेंबर १९५४मध्ये सिनेटने त्याच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी केला आणि काही महिन्यांतच या सिनेमाचं चित्रीकरण झालं. त्यामुळे अनेकांना हे त्याच्याच काळावर बोट वाटतं: सगळ्यांनी एकसारखं व्हायचं, जो होणार नाही त्याच्यामागे गाव लावायचं. सीगल स्वतः म्हणत, अशी शेंगाळलेली माणसं आमच्या धंद्यातही भरपूर आहेत.

मला विचाराल तर हा कम्युनिस्टविरोध पटकथेपेक्षा त्या काळच्या हवेत जास्त आहे. संपूर्ण सिनेमात कम्युनिस्ट हा शब्द येत नाही. 'रेड प्लॅनेट मार्स' (१९५२) बघा म्हणजे फरक कळेल. त्यात मंगळावरून धार्मिक संदेश येतात आणि रशियातली राजवट कोसळते. तोही मी अप्पांना दाखवला. ते इतके हसले की चहा सांडला. तिथे वाद घालायला जागाच ठेवलेली नाही.

इथे आहे. मला सर्वांत भिडतो तो कुत्र्याचा प्रसंग. दोघं भावना नसल्यासारखा चेहरा करून रस्त्यावरून निघालेत, कुणाला संशय नाही. एक कुत्रा ट्रकखाली येतो की काय असं होतं आणि बेकी किंचाळते. तेवढ्यावर पकडले जातात.

या प्रसंगानंतर अप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चौसष्ट साली पक्ष फुटला तेव्हा चाळीतले दोघं, एका बशीत चहा पिणारे, जिन्यात समोरासमोर आले तरी ओळख दाखवेनात. आई म्हणायची, तोंड त्याचंच आहे, पण हा तो नव्हे." आणि पाणी आणायला उठून गेले. म्हणजे हे कम्युनिस्ट नाहीत असं तासभर भांडून शेवटी उदाहरण दिलं ते कम्युनिस्टांचंच! हे मी बाईंना भाषांतर करून सांगितलं नाही.

शेवटावरून मात्र कडाक्याचं वाजलं. सीगलच्या मनातला शेवट हायवेवरचा होता: डॉक्टर गाड्यांसमोर धावत ओरडतोय, "पुढचा नंबर तुमचा!" स्टुडिओला तो फार काळा वाटला आणि आगेमागे हॉस्पिटलचे प्रसंग जोडायला लावले. शेंगांच्या ट्रकला अपघात झाल्याचं कळतं, मोठे डॉक्टर एफबीआयला फोन करायला सांगतात, झालं. बाई म्हणाल्या, तो फोन नसता तर मी आजतागायत झोपले नसते. अप्पा म्हणाले, सरकारला फोन केला आणि प्रश्न सुटला, हे शेंगांपेक्षा अविश्वसनीय आहे. मी अप्पांच्या बाजूची. हॉस्पिटल आलं की भीतीतली हवाच जाते.

माझ्या मुलाचं मत वेगळंच. शेंगांचा डॉक्टर सांगतो ना, प्रेम नाही, इच्छा नाही, महत्त्वाकांक्षा नाही, आयुष्य किती सोपं! मुलगा म्हणाला, "म्हणजे परीक्षेचं टेन्शन पण नाही? मला चालेल." त्यावर दोघं वृद्ध पहिल्यांदा एका बाजूला आले आणि दोन भाषांत त्याच्यावर तुटून पडले.

परवा अप्पांचा सोलापूरहून फोन होता. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना घरी बोलावून सिनेमा दाखवला म्हणे. "दोघं म्हणाले हा आमच्यावर आहे, एक म्हणाला हा तर हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर आहे."

"आणि चौथे?"

"तो मध्येच झोपला गं. उठल्यावर आधी त्याला त्याचं नाव विचारलं."