आमची वाटचाल : पाठ भिंतीला टेकल्यावर

मेहकरला २००९ साली आम्ही स्टुडिओ थाटला, तेव्हा लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो एवढाच आमचा धंदा होता. इमारतींचे काम ओघाने आले. जिनिंगवाल्यांना बँकेच्या कर्जप्रकरणासाठी फोटो लागत, पतसंस्थांना वार्षिक अहवालासाठी, आणि पुढे मंगल कार्यालयांचे मालक सभागृहाचे फोटो गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवू लागले. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स इथे तोकडी पडली. हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे, मिमीमधले; आकडा जितका लहान, तितके रुंद दृश्य मावते. आमच्या कॅनन कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर जेमतेम २२ मिमी रुंद असल्यामुळे १८ मिमीवर दहा फुटांवरून समोरच्या भिंतीचे बाराच फूट मावत, आणि आणखी मागे सरकावे तर पाठ भिंतीला टेकलेली असे.

म्हणून २०१६ मध्ये १०-१८ ची लेन्स घेतली. सगळे मावते याचेच इतके अप्रूप वाटले, की पहिले काही महिने प्रत्येक खोली आम्ही दहावरच टिपली. ते अप्रूप एका मंगल कार्यालयाने उतरवले. दाराच्या कोपऱ्यात उभे राहून काढलेल्या आमच्या फोटोत पाचशे माणसांचे सभागृह हजाराचे दिसत होते. त्या फोटोवर विसंबून बयाणा दिलेली मंडळी प्रत्यक्ष हॉल पाहून भडकली. मालक एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमचा फोटो पाहून लोक येतात अन् हॉल पाहून वापस जातात," आणि आमचे बिल अर्धे केले. तोच फोटो पुन्हा नीट पाहिला, तर कडेच्या गोल टेबलाचे अंडे झाले होते, जवळची खुर्ची सोफ्याएवढी आणि स्टेज आगपेटीएवढे. दोष लेन्सचा नव्हता. जवळचे किती मोठे आणि दूरचे किती लहान दिसावे, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. रुंद कोनाची लेन्स आपल्याला फाजील जवळ उभे राहू देते, इतकेच.

तेव्हापासून मोजमापाचा टेप आमच्या सामानात असतो. सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंथने भागून अंतराने गुणले की किती रुंदी मावेल ते कळते. पुढे घेतलेल्या ३६ मिमी सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स अंतराच्या दीडपट रुंदी दाखवते, १६ मिमीची सव्वादोनपट. ओसरीत किंवा खिडकीबाहेर ट्रायपॉड लावायला जागा असेल, तर बहुतेक खोल्यांचे काम चोविसावर भागते.

बाहेरून फोटो काढताना अडचण वेगळी असते. कॅमेरा वर उचलला की उभ्या भिंती माथ्याकडे निमुळत्या होतात. संगणकावर त्या सरळ करता येतात, पण कडा कापल्या जातात आणि ताणलेला माथा किंचित अस्पष्ट होतो. यासाठी नागपूरहून २४ मिमीची शिफ्ट लेन्स भाड्याने आणून सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या दगडी महाद्वारासमोर तिची परीक्षा घेतली. कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची, १२ मिमीपर्यंत. उभ्या चौकटीत चाळीस फुटांवरून एरवी कॅमेऱ्याच्या उंचीच्या वर तीस फूट मावतात. लेन्स पूर्ण सरकवल्यावर पन्नास मावतात, आणि दाराच्या बाह्या ओळंब्यात राहतात. फोकस मात्र हातानेच करावा लागतो, त्यामुळे घाईचे काम हिच्यावर होत नाही.

नंतर तीच लेन्स वापरलेली विकत घेतली. तरीही तिला आमच्या पहिल्या कॅमेऱ्याहून कितीतरी जास्त पैसे पडले, आणि त्याबद्दल घरातून झालेली विचारणा इथे लिहीत नाही.

१०-१८ विकलेली नाही. ती फुलफ्रेमला चालत नसल्यामुळे जुना कॅमेराही तिच्यासाठी पिशवीत ठेवावा लागतो. पतसंस्थेच्या लॉकरच्या खोलीत दार लोटून पाठ भिंतीला टेकली की तीच बाहेर निघते, आणि त्या फोटोखाली आम्ही खोलीचे माप फुटांत लिहून देतो.